फ्लॅश उशिराच्या कॅमेऱ्याला जोडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीतील त्रिमिती छायाचित्रणावरच्या (दोन डोळ्यांसाठी शेजारच्या दोन कॅमेऱ्यांनी दोन चित्रे घेण्याच्या) लेखात सल्ला आहे, की दोन कॅमेरे एकाच रिमोटला जोडावेत, शटर १/२५० सेकंदावर ठेवावे, म्हणजे हलणारा माणूसही दोन्ही चित्रांत सारखा येतो. स्टुडिओ फ्लॅश लावून हे कुणी केले, तर डाव्या चित्रात माणूस आणि उजव्या चित्रात काळी पट्टी असा प्रकार हमखास होईल.

बटण दाबल्यापासून शटर उघडेपर्यंत प्रत्येक कॅमेरा आपापला वेळ घेतो. आरसा वर जातो, अ‍ॅपर्चर आवळते, मग शटरचा पहिला पडदा सरकत चौकट उघडतो आणि ठरल्या वेळाने दुसरा पडदा ती मिटत जातो. एकाच मॉडेलच्या दोन बॉडींतही यात काही मिलिसेकंदांचा फरक पडतो, आणि तो दर खेपेला थोडा बदलतो. १/२५० म्हणजे ४ मिलिसेकंद. त्यातले तीन-साडेतीन पडद्याच्या प्रवासातच जातात. पूर्ण चौकट उघडी असते ती जेमतेम अर्धा-एक मिलिसेकंद. एवढ्या फटीत दोन कॅमेऱ्यांची गाठ पडणे म्हणजे लॉटरी.

म्हणून शटर मंद करायचे. १/३० ला चौकट जवळपास ३० मिलिसेकंद उघडी राहते. हालचाल गोठवण्याचे काम शटरचे नाहीच, ते फ्लॅशचे आहे, आणि तो एकच प्रकाश दोन्ही कॅमेऱ्यांना एकाच क्षणी दिसतो. १८५१ मध्ये छायाचित्रणाचा एक जनक टॅल्बट याने विजेच्या ठिणगीच्या उजेडात गरगरणाऱ्या चाकावरचा छापील कागद टिपला तो याच तत्त्वावर. तो कागद वर्तमानपत्राचा होता, हे आपल्याला सांगायला हरकत नाही.

हा खटाटोप कशासाठी, तर हिशेब असा. ताशी सात किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २ मीटर वेगाने आडवा फिरणारा हात ५ मिलिसेकंदांत १ सेंटिमीटर सरकतो. कॅमेऱ्यांत ६५ मिलिमीटर अंतर आणि माणूस २ मीटरवर असेल, तर एवढ्या चुकीने हात शरीरापासून सुटून सुमारे फूटभर पुढे किंवा मागे तरंगताना दिसतो. हालचाल उभी असेल, उदाहरणार्थ पडणारे पाणी, तर खोलीचा, म्हणजे पुढे-मागे असल्याचा, भास चुकत नाही. दोन डोळ्यांना दोन वेगळ्या उंचीवर थेंब दिसतात आणि डोळे शिणतात.

आता खरी मेख. शटर मंद केले आणि फ्लॅश भलत्याच कॅमेऱ्याला जोडला, तर काही उपयोग नाही. कॅमेरा आपला पहिला पडदा पूर्ण उघडताक्षणी फ्लॅश उडवतो. फ्लॅश लवकर उघडणाऱ्या कॅमेऱ्यावर असेल, तर त्या क्षणी दुसऱ्याचा पडदा वाटेतच असतो. मग शटर पूर्ण सेकंदभर ठेवले, तरी पट्टी जाणार नाही. फ्लॅश उशिरा उघडणाऱ्याला जोडला, की लवकर उघडलेला तोवर नुसता उघडा राहून वाट पाहतो, आणि मंद शटरचा फायदा तिथे मिळतो.

उशिराचा कोणता, हे पांढऱ्या भिंतीवर दोन मिनिटांत कळते. दोन्ही कॅमेरे १/२५० वर, खोलीत अंधार, फ्लॅश फक्त पहिल्याला. मग दुसऱ्याचे चित्र पाहा. बहुतेक कॅमेऱ्यांत पडदा वरून खाली येतो आणि सेन्सरवरची प्रतिमा उलटी असते, म्हणून चित्राचा खालचा भाग आधी उघडतो. काळे वर असेल तर दुसरा कॅमेरा उशिराचा. काळे खाली असेल तर तो लवकरचा, त्याचा पडदा मिटायला लागलेला होता. चित्र संपूर्ण काळे आले तर १/१२५ वर उतरून पुन्हा पाहा. वरची पट्टी चित्राच्या निम्म्या उंचीची असेल, तर उशीर सुमारे पावणेदोन मिलिसेकंद. निदान दहा वेळा पाहा, एका चित्रावरून ठरवू नका.

दहापैकी कधी हा, कधी तो उशिरा निघत असेल, तर एकाला मुद्दाम १० मिलिसेकंद मागे ठेवावे आणि फ्लॅश त्याला जोडावा. रिमोटच्या तारेत छोटा मायक्रोकंट्रोलर घातला की हे होते. फ्लॅशची वाय-केबल करून दोन्ही कॅमेरे जोडणे मात्र टाळा. जो आधी उघडेल तोच फ्लॅश उडवतो आणि पुन्हा तीच पट्टी.

रिमोटच्या जोडणीत आणखी एक गफलत होते. अनेक कॅमेऱ्यांच्या अडीच मिलिमीटरच्या पिनेत टोक शटरचे, मधली कडी फोकसची, बुंधा ग्राउंडचा. दोन कॅमेऱ्यांच्या तारा सरळ एकत्र बांधल्या, तर बंद असलेला कॅमेरा दुसऱ्याची तार खाली ओढतो आणि तो आपोआप क्लिक होऊ लागतो. प्रत्येक फोकस व शटर तारेत एकेक १एन४१४८ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घालावा, त्यावर छापलेल्या पट्टीची बाजू स्विचकडे. क्लिक करण्याआधी दोन्ही कॅमेरे अर्ध्या दाबावर धरून ठेवावेत. झोपलेला कॅमेरा उठायला मिलिसेकंद नव्हे, चांगला काही दशांश सेकंद घेतो. फोकस मॅन्युअल, लाइव्ह व्ह्यू बंद, रेड-आय बंद. टीटीएल (लेन्समधून उजेड मोजून फ्लॅशची ताकद आपोआप ठरवणे) नकोच, कारण त्याचा आधीचा मोजणीचा फ्लॅश ऑप्टिकल स्लेव्हला, म्हणजे दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून उडणाऱ्या फ्लॅशला, फसवतो.

मंद शटरची किंमत एकच, खोलीतला उजेड चित्रात शिरतो. फ्लॅशची केबल काढून त्याच सेटिंगवर एक चित्र घ्या. ते काळे यायलाच हवे. न आल्यास बहुधा फ्लॅशमधला मॉडेलिंग दिवा (प्रकाशाचा अंदाज घेण्यासाठी सतत जळणारा) चालू राहिलेला असतो.

जुने स्टुडिओ फ्लॅश सिंकच्या (कॅमेऱ्याला जोडायच्या) टोकांवर दोनशे व्होल्टपेक्षा जास्त दाब ठेवतात. मल्टिमीटरने मोजल्याशिवाय ते डिजिटल कॅमेऱ्याला जोडू नयेत. आयएसओ १०३३० या आंतरराष्ट्रीय मानकात मर्यादा २४ व्होल्टची आहे, काही कॅमेऱ्यांना तर ६ व्होल्टच चालतात. जास्त निघाल्यास मध्ये रेडिओ ट्रिगर घालावा.

आणि हे सारे जमेना, तर खोली पूर्ण अंधारी करून दोन्ही शटर बल्बवर (बटण दाबून धरले तोवर शटर उघडे राहते ती सेटिंग) उघडावीत, फ्लॅशचे टेस्ट बटण हाताने दाबावे आणि शटर मिटावीत. यात तार, डायोड, मिलिसेकंद, काहीच लागत नाही.

आपला,
एक वाचक