'महत्त्वाच्या घटना' कोण ठरवतो?

महोदय,

शताब्दी किंवा सुवर्णमहोत्सव जवळ आला की गावाच्या इतिहासाची स्मरणिका काढायचे ठरते. समिती नेमली जाते आणि पहिल्याच बैठकीत 'महत्त्वाच्या घटनां'ची यादी तयार होते. पुढचे सगळे काम त्या यादीला पुरावे जोडण्याचे. जमीनदाराला हद्दीचा तंटा आठवतो, शिक्षकाला शाळेची इमारत, पुढाऱ्याला निवडणूक. डोक्यावरून पाणी वाहिलेल्या बाईला विचारा, तिच्या लेखी नळ आला ते वर्ष सर्वांत मोठे. खरे चौघेही सांगतात, पण बैठकीला पहिले तिघेच असतात.

म्हणून यादी शेवटी करावी. माहिती देणाऱ्यांची पहिली पाच-सहा नावे नेहमीची असतात आणि ती मंडळी एकमेकांचीच नावे सुचवतात. प्रत्येकाला विचारावे, 'तुमचे हे म्हणणे कोणाला पटणार नाही?' आणि त्या माणसाकडे जावे. 'महत्त्वाचे काय घडले?' असे विचारले की लोक छापील इतिहासच ऐकवतात. त्याऐवजी काम, मजुरी, आजारपण, पाणी यांविषयी विचारावे. एक बैठक तास-दीड तासाची पुरे. पुढे सांगणारा थकतो, उत्तरे आखूड होतात. ध्वनिमुद्रणाच्या तीन प्रती काढाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत ठेवावी.

कागदपत्रेही तटस्थ नसतात. खरेदीखतात मालक सापडतो, मजूर नाही. त्याच्यासाठी जन्म-मृत्यूची नोंदवही, शाळेचे प्रवेश रजिस्टर, कामावरचे हजेरीपट चाळावे लागतात. छायाचित्राखाली 'मान्यवर व इतर' असे छापले की ते 'इतर' कायमचे पुसले गेले. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने डावीकडून उजवीकडे सगळी नावे लिहावीत, ओळख कोणी पटवली तेही लिहावे. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढे उमटतो.

आठवणीतली तारीख चुकीची निघाली तर ती गुपचूप दुरुस्त करू नये. इटलीतल्या तेर्नी या पोलादनगरीत लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार १७ मार्च १९४९ रोजी नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांशी झालेल्या चकमकीत मारला गेला. पुढे अनेकांनी तो मृत्यू १९५३ च्या कामगारकपातीविरुद्धच्या संघर्षात घडल्याचे सांगितले. तारीख चुकली, पण नोकऱ्या जाण्याचा घाव त्या शहराच्या किती जिव्हारी लागला होता, ते त्या चुकीतूनच कळते. सांगणाऱ्याचे वाक्य जसेच्या तसे ठेवावे आणि दस्तऐवजातली तारीख खाली टीप म्हणून द्यावी.

स्मरणिकेत शुभेच्छासंदेशांना पानेच्या पाने जातात. त्यांतले एक पान यासाठी राखावे: कोणाकोणाला विचारले, कोणी नकार दिला, कोणते दप्तर मिळाले नाही, कोणता प्रसंग जागेअभावी गाळला आणि कोणता मतभेदामुळे, तो निर्णय कोणाचा. मतभेदाची ओळ छापायला समित्या कचरतात. पण पुढच्या पिढीतल्या संकलकाला काम सुरू करायचे असते ते नेमके त्या ओळीपासून.

– एक वाचक