शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र : त्या मंचावर मी पुन्हा चढणार नाही

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सविनय नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात विज्ञान शिकवतो. नोकरीला 19 वर्षं झाली, चार एकर कोरडवाहू वावर आहे. गेल्या शनिवारी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात जे घडलं ते आपल्या कानावर घालावं म्हणून हे पत्र.

मागच्या वर्षी याच प्रदर्शनात आपल्या खात्याच्या एका अधिकाऱ्यांनी माईकवरून शब्द दिला होता, जूनपर्यंत आमच्या शाळेला प्रयोगशाळा मिळेल. जून गेला, पोळा गेला, दिवाळी गेली. मग एक पत्र आलं. मी धावत जाऊन फोडलं. आत लिहिलं होतं : ‘माणूस माकडापासून झाला का?’ या विषयावर जाहीर चर्चा ठेवली आहे, विज्ञानाची बाजू आपण मांडावी. समोर एक प्रवचनकार.

दोघांना दहा-दहा मिनिटं. त्यांनी तेवढ्यात डझनभर प्रश्न फेकले. मी दुसऱ्यावर होतो तोच घंटा वाजली. मग ते माझ्याकडे वळले, "मास्तर, माकडाचा माणूस होतानी तुमी पाह्यला काय? तुमच्या आज्यानं पाह्यला काय?" मंडप टाळ्यांनी दणाणला. समोर माझे दहावीचे 43 विद्यार्थी बसले होते, त्यांत माझी मुलगी. परतताना एसटीत ती माझ्या शेजारी बसली नाही. रात्री जेवताना तिनं विचारलं, "बाबा, तुम्हाले उत्तर येत नव्हतं काय?"

येत होतं, साहेब. पण कोट्यवधी वर्षांची गोष्ट दहा मिनिटांत मांडता येत नाही, आणि ‘पाह्यलं काय’ एका श्वासात विचारता येतं. आजच्या माकडापासून माणूस झाला असं विज्ञान म्हणतच नाही, दोघांचे पूर्वज एक होते असं म्हणतं. एवढं समजावायलाच मला फळा आणि दोन तास लागतात. अमेरिकेत उत्क्रांती न मानणारे ड्युएन गिश नावाचे गृहस्थ असेच वाद घालत, उत्तर देणाऱ्याला श्वास घ्यायला फुरसत नाही इतके मुद्दे फेकत. त्या पद्धतीला तिकडे गिशच्या नावानंच ओळखतात. 2014 च्या फेब्रुवारीत तिकडेच केंटकी राज्यात विज्ञान समजावून सांगणारे बिल नाय आणि बायबलमधली सृष्टीची कथा शब्दशः खरी मानणारे केन हॅम यांचा वाद झाला. तुमचं मत कशानं बदलेल, असं दोघांना विचारलं. नाय म्हणाले, पुराव्यानं. हॅम यांनी आपली श्रद्धाच पुढे केली. त्याच महिन्यात हॅम यांनी जाहीर केलं की बायबलमधल्या नोहाच्या जहाजाची प्रतिकृती उभारण्याच्या प्रकल्पासाठी लागणारा पैसा उभा राहिला, आणि त्यात या वादाच्या प्रसिद्धीचा हातभार लागला. 2016 ला ते जहाज लोकांसाठी उघडलंही. नाय चांगले बोलले होते, तरी जहाज बांधलं गेलं.

मंचावर दोन खुर्च्या शेजारी ठेवल्या की लोकांना वाटतं दोन्ही बाजू सारख्याच वजनाच्या आहेत. हे वजन तुमच्या खात्यानं दिलं. जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादला केंद्रातले तेव्हाचे राज्यमंत्री सत्यपाल सिंह हेच म्हणाले होते, की माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलं नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांना एकत्र निवेदन काढावं लागलं. मंत्र्यांच्या तोंडून निघालेलं वाक्य माझ्या तालुक्यापर्यंत पोचतं, अकादमीचं निवेदन पोचत नाही.

पाहायचंच असेल तर माझ्या वावरात या. बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारा बीटी कापूस 2002 ला आला. बोंडअळी मेली, आम्ही पेढे वाटले. पण लाखांत एखादी अळी त्या विषाला पुरून उरणारी होती, तिचीच पिलावळ वाढली. 2010 पर्यंत गुजरातेत अशी गुलाबी बोंडअळी सापडली, 2017 ला माझी अख्खी पऱ्हाटी बसली. बियाण्याच्या पाकिटासोबत बिगर बीटीचं 120 ग्रॅमचं वेगळं पाकीट यायचं. विष न पचवणाऱ्या अळ्याही जगाव्यात, विषाला पुरून उरलेल्यांशी त्यांचा संकर व्हावा आणि नुसती विष पचवणारी पिलावळ वाढू नये, म्हणून ते कडेनं पेरायचं असतं. मी विज्ञानाचा मास्तर, तरी ते बांधावर टाकून दिलं, कारण पिकाच्या चार ओळी रिकाम्या घालवणं परवडत नव्हतं. त्या डिसेंबरात सरकारनं कोरडवाहूला हेक्टरी 30,800 रुपये जाहीर केले, त्यांतले 16,000 बियाणं कंपन्यांकडून यायचे होते. ते मला आजतागायत दिसले नाहीत. बायकोच्या पाटल्या त्याच साली गेल्या.

सोमवारी मी वर्गात बोंडअळी लागलेली कपाशीची कळी, डोमकळी नेली. गुलाबासारखी मिटलेली ती कळी मुलांसमोर उकलली, आत बारीक अळी. ‘हिच्या आजीला बीटीनं मारलं, मग ही कशी जगली?’ एवढंच विचारलं. मागच्या बाकावरचा पोरगा म्हणाला, "सर, जे मेल्या नाही त्याईच्याच पोरी व्हय ह्या." गाडगेबाबा याच आमच्या वऱ्हाडात असेच कीर्तन करत. प्रश्न त्यांचे, उत्तरं लोकांची. शनिवारच्या मंडपात एकाचंही मत हललं नसेल, सोमवारी त्या पोरानं डार्विन स्वतः सांगितला.

त्या दिवशी शाळेतल्या एकमेव सूक्ष्मदर्शकाची भिंग फुटलेली होती. अळी पाहायला मुलं रांगेत उभी, हातात माझा वाचायचा चष्मा. चंद्रपूर जिल्ह्यात पिजदुऱ्याला डायनासोरच्या शेणाचे दगड झालेले सापडतात, त्यांत गवताचे अंश मिळाले हे 2005 मध्ये जगापुढे आलं. आमची मुलं दोन तासांत तिथे पोचतील. सहलीचा प्रस्ताव मी तीनदा पाठवला, तीनदा परत आला. मतदार याद्या, सर्वेक्षण, पोषण आहाराच्या नोंदी यांसाठी मात्र मला कधीच परवानगी लागली नाही.

केंद्रीय पुस्तकातून दहावीचा उत्क्रांतीचा भाग गेला, 2023 मध्ये 1800 च्या वर शास्त्रज्ञ-शिक्षकांनी सह्या करून विरोध केला, तरी गेला. आपल्या राज्याच्या दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ अजून पहिलाच धडा आहे. आता तुम्ही सीबीएसईच्या धर्तीवर नवा अभ्यासक्रम आणता आहात. त्यात हा धडा राहणार की नाही, ते लेखी सांगा. आणि कबूल केलेली प्रयोगशाळा द्या. ती जमत नसेल तर निदान सूक्ष्मदर्शकाची भिंग द्या.

जिल्हा स्तरावर हीच चर्चा पुन्हा ठेवल्याचं पत्र काल आलं. मी जाणार नाही. त्या दिवशी माझा नववीचा तास आहे. नोटीस काढायची असेल तर काढा.

आपला,
एक विज्ञान शिक्षक, जि. यवतमाळ