परीक्षा कम्प्युटरची, दिली मोबाइलवर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आम्ही घणसोलीला राहतो, मुलगी सातवीत आहे. मागच्या महिन्यात शाळेने कम्प्युटरची युनिट टेस्ट ऑनलाइन घेतली, म्हणजे काय तर संध्याकाळी सहाला पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गूगल फॉर्मची लिंक आली, तीस प्रश्न, चार-चार पर्याय, आठला लिंक बंद. स्कॅनर इनपुट की आउटपुट, एक किलोबाइट म्हणजे किती बाइट, पेस्टची शॉर्टकट की कुठली, असलं सगळं. साडेसहालाच ज्या ग्रुपवर मॅडम नाहीत त्या ग्रुपवर "१४ चं बी का सी?" सुरू झालं, आणि खोटं कशाला बोलू, मीपण वाचत होते. लेकीला २८ पडले.

त्याच आठवड्यात तिला सायन्सचा प्रोजेक्ट मॅडमना मेल करायचा होता. बाईसाहेबांनी अख्खं पत्र सब्जेक्टच्या रकान्यात लिहिलं, डाउनलोड केलेली फाइल कुठे गेली ते सापडेना म्हणून लॅपटॉपच्या स्क्रीनचाच मोबाइलने फोटो काढला आणि तो पाठवायला निघाली. पासवर्ड मैत्रिणीला पाठ, का तर "अगं ती बेस्ट फ्रेंड आहे ना". मग हे २८ नक्की कशाचे?

मी स्वतः ऐरोलीला बॅकऑफिसमध्ये आहे, दिवसभर एक्सेल. नवीन पोरं जॉइन होतात, सर्टिफिकेटं दोन-दोन, पण फिल्टर लावल्यावर साधी सम लपलेल्या ओळीपण धरते हे कुणाला माहीत नसतं आणि टोटल चुकलेली शीट तशीच पुढे जाते. म्हणून मला हे जरा जास्तच टोचतं.

आणि लेकीच्या वर्गातला एक मुलगा, आरटीईच्या २५ टक्क्यांतून आलेला, त्याचे वडील रिक्षा चालवतात, घरात स्मार्टफोन एकच आणि तो रात्री नऊपर्यंत वडिलांबरोबर रस्त्यावर. त्याच्यापुढे गैरहजर लागलं. मुलाची परीक्षा होती की बापाच्या ड्युटीची?

ऑनलाइनला माझा विरोध नाही हं. अमेरिकेत आठवीच्या मुलांची टेक्नॉलॉजीची राष्ट्रीय चाचणी २०१४ ला पहिल्यांदा झाली, तीही कम्प्युटरवरच, पण त्यात स्क्रीनवर एक प्रसंग देतात आणि मुलाने तो करून दाखवायचा असतो. मुली मुलांच्या पुढे निघाल्या तिथे. आयसीआयएलएस नावाची आंतरराष्ट्रीय चाचणीपण आठवीचीच आणि करून दाखवायचीच, २०२३ च्या फेरीत युरोपियन युनियनच्या देशांत सरासरी ४३ टक्के मुलं दुसऱ्या पातळीपर्यंतसुद्धा, म्हणजे सांगितलेली साधी कामं कम्प्युटरवर करण्यापर्यंतसुद्धा, पोचली नाहीत, फोन हातात घेऊन वाढलेली पिढी असून. लांब कशाला, आपल्याकडे 'असर' ही शिक्षणाची पाहणी करणारे खेड्यापाड्यात घरी जाऊन १४ ते १६ च्या मुलांना फोन आणायला सांगतात आणि अलार्म लाव, ही माहिती शोध, हा व्हिडिओ शोधून पाठव म्हणतात. २०२४ च्या पाहणीत फोन वापरता येतो म्हणणारे ८२ टक्क्यांच्या वर होते, पण आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरलेले ५७. म्हणजे फोन येणं वेगळं आणि तो कामासाठी वापरणं वेगळं.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला कोडिंग आहे, शाळाही फीच्या पावतीत लॅबचे वेगळे पैसे लावते. मग लॅब आहे तर टेस्ट लॅबमध्येच घ्या ना, अर्धा वर्ग एका तासाला, अर्धा दुसऱ्या. एक फाइल द्या, त्यात वर्गाच्या सहलीचा खर्च, बेरीज करायला लावा, आपल्या नावाने सेव्ह करून मॅडमना मेल करायला लावा, सोबत एक फसवा मेल ठेवा, बक्षीस लागलंय, इथे क्लिक करा वाला, बघा किती जण क्लिक करतात. आणि दोन ओळी मराठीत टाइप करायला सांगाच, आमची कन्या मराठी फक्त इंग्रजी अक्षरात लिहिते.

मॅडम म्हणतील साठ मुलांचं तपासणार कोण. मान्य आहे, फॉर्म स्वतःच मार्क देतो आणि त्यांच्यामागे कामं काय कमी आहेत का. पण असली एक फाइल बघायला दोन मिनिटं पुरतात, म्हणजे वर्गाचे दोन तास, तेही सत्रात एकदा.

दिवाळीच्या सुट्टीआधी दुसरी टेस्ट आहे. ती तरी घरून नको आणि लिंकवर नको, हे मी येत्या पालकसभेत बोलणार आहे. त्या दुसऱ्या ग्रुपवरच्या पालकांनीही, १४ नंबर विचारणाऱ्यांसकट, जरा तोंड उघडावं.

आपली,
एक पालक, घणसोली, नवी मुंबई