बाजारात जाशील तेव्हा

प्रिय सोनू,

काल फोनवर म्हणालीस भाजी ॲपवरनंच मागवते, बाजारातल्या गर्दीची भीती वाटते, तेव्हापासनं माझ्या डोक्यात तेच चाललंय. अगं आपण मेथी-कोथिंबीर पिकवून पुण्यात विकणारी माणसं, तुझी फी त्यातनंच भरली, आणि तूच शेतकऱ्यापर्यंत जायचं सोडलंस तर कसं व्हायचं. जा तू, फक्त सांभाळून जा.

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात एकटीने जायची गरज नाही. तिथला धंदा घाऊक, रविवारी आवक सगळ्यात जास्त, पहाटेपासनं टेम्पो मागे-पुढे होत असतात आणि हमालाच्या पाठीवर पोतं असलं की त्याला बाजूचं दिसत नाही, कधी गेलीसच तर "बाजू बाजू" ऐकल्यावर आधी सरकायचं मग बघायचं. पावसाळ्यात पाल्याचा चिखल होतो, चपला घसरतात. तुला आठवडे बाजारच बरा. 2016 ला फळं-भाजी बाजार समितीच्या नियमनातनं काढली, म्हणजे माल समितीच्या यार्डातच विकायची सक्ती गेली, आता शहरात बऱ्याच ठिकाणी शेतकरी थेट विकायला बसतात. मंडईलाही जा, पण स्कूटी नको, मेट्रो आता मंडईपर्यंत जाते.

मोबाईल जीन्सच्या मागच्या खिशात ठेवू नकोस, भाजी निवडताना दोन्ही हात गुंतलेले असतात आणि चोराला तेवढंच हवं असतं. स्कॅन केल्यावर येणारं नाव विक्रेत्याला वाचून दाखव, मगच पिन टाक, आणि पैसे आपल्याला यायचे असतील तर पिन लागतच नाही हे कायम लक्षात ठेव. सुट्टे पैसे वेगळ्या खिशात म्हणजे पाकीट सारखं उघडायला नको. काटा शून्यावर आहे ना बघायचं, इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापनवाल्यांकडनं, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडनं, दरवर्षी तपासणी लागते, शिक्का कुठाय विचारायला लाजू नकोस.

आंबा सगळीकडनं एकसारखा पिवळाधमक आणि देठाजवळ वासच नाही, असा घेऊ नकोस. कार्बाईडवर पिकवायला बंदी आहे, तरी कुणीतरी करतंच. कापून ठेवलेली फळं तर अजिबात नको, माश्या बसतात.

पालेभाजीचं मात्र नीट ऐक. मेथी शेतातनं उपटली की मुळांना माती असते, जुड्या बांधून त्याच मातीसकट एकावर एक रचतात, वरनं पाणी मारतात, आणि ते पाणी कुठलं असतं ते दरवेळी सांगता येत नाही. म्हणून घरी नेल्यावर जुडी सोडायची, मुळं कापायची, पानं मोठ्या पातेल्यात बुडवून पाणी दोन-तीनदा बदलायचं, खाली वाळू बसायची थांबेपर्यंत. साबण लावायचा नाही. पुढच्या वेळी विक्रेत्याला विचार, फवारणी कधी केली होती. औषधाच्या डब्यावर फवारल्यानंतर किती दिवस तोडायचं नाही ते लिहिलेलं असतं, ज्याचा स्वतःचा माल आहे तो लगेच सांगतो, आणि जो चाचरतो त्याच्याकडनं नाही घेतलंस तरी चालेल, पुढच्या पाटीवर जायचं.

शक्यतो सकाळीच जा, कापडी पिशवी ने, कुणी मागे मागे येतंय असं वाटलं तर गर्दीतल्या बायकांजवळ उभी राहा आणि 112 ला लाव. बाजारात असताना मला फोन करत बसू नकोस, घरी आल्यावर कर. आणि मटार काय भावाने मिळाला ते सांग, तुझे बाबा विचारतायत.

तुझी,
आई