एकोणतीसचा पाढा म्हणत पळायचं

दादर, मुंबई
५ नोव्हेंबर

प्रिय सुमे,

तुझा मेसेज दोनदा वाचला. फोन हातात घेतला होता, पण ठेवून दिला आणि वही काढली. फोनवर आपण दोघी मुलांच्या आणि घरच्यांच्या गोष्टींत वाहवत जातो, आणि मला हे सगळं सलग सांगायचंय.

गुडघा दुखतोय म्हणून पळणं थांबवलंस ते बरंच केलंस. पण बूट माळ्यावर टाकलेस आणि 'आता वय झालं, हे आपलं काम नव्हे' असं लिहिलंस, ते मला फार लागलं. तीन वर्षांपूर्वी मी आमच्या ह्यांना अगदी हेच म्हणाले होते. तेव्हा दोष मी वयाला दिला होता आणि चुकला होता वेग. तुझंही तेच झालंय असं मला वाटतंय.

आईचं तुला माहीतच आहे. न्हाणीघरात पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. रोज संध्याकाळी शिवाजी पार्कापर्यंत पायी जाऊन येणारी बाई त्यानंतर वॉकर धरून खिडकीपर्यंत जायची. मी तेव्हा एकोणपन्नासची होते, पाळी थांबून वर्ष झालं होतं. डॉक्टरांनी मलाही हाडांची घनता तपासून घ्यायला सांगितली. तरुण, धडधाकट माणसाच्या हाडांशी तुलना करून काढतात तो आकडा आला उणे १.८. उणे १ ते उणे २.५ यांच्या मधे आकडा असला की हाडं विरळ व्हायला लागली आहेत असं समजायचं. त्याखाली गेला की ठिसूळ. त्याच आठवड्यात रक्ताच्या तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, ६.२ आलं. ५.७ पासून ६.४ पर्यंत मधुमेहाचा उंबरठा. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून मी रात्री किती वेळ बसून होते कोण जाणे. आईला न्हाणीघरातून उचलताना तिचा चेहरा जो पाहिला होता, तोच डोळ्यांपुढे येत होता.

मग पळायला लागले. शिवाजी पार्कच्या कट्ट्याबाहेरून एक फेरी किलोमीटरहून थोडी जास्त भरते. पहिल्या महिन्यात दोन फेऱ्या, दुसऱ्या महिन्यात सहा, तिसऱ्यात आठ. रोज आदल्या दिवसापेक्षा लवकर संपवायचं, धाप लागेपर्यंत पळायचं, कारण धाप लागली नाही तर व्यायाम झाला असं वाटतच नसे. बूट तेच जुने, मुलाच्या शाळेच्या स्पर्धांना उभं राहायला घेतलेले. चौथ्या महिन्यात एका सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला आणि टाचेत खिळा घुसल्यासारखं झालं. दहा पावलं चाललं की कमी व्हायचं, म्हणून मी आणखी तीन आठवडे तशीच पळाले. तळपायाखाली टाचेपासून बोटांपर्यंत जो जाड पट्टा असतो, तो ताणून ताणून सुजला होता. फिजिओथेरपिस्ट मुलीनं एका वाक्यात सांगितलं: तुमचं हृदय चार महिन्यांत तयार झालं, पण पट्ट्यांना आणि हाडांना त्याहून खूप जास्त वेळ लागतो, त्यांना तुम्ही तो दिला नाहीत.

या वाक्यासाठी मी त्या मुलीची जन्मभर ऋणी राहीन. सुमे, तुझ्या बाबतीतही हेच बघ. दम वाढला म्हणून तू तीन महिन्यांत दहा किलोमीटरला गेलीस. फुप्फुसं हो म्हणाली, गुडघ्याला कोणी विचारलंच नाही.

आता टाच बरी होईपर्यंत करायचं काय, तर सायकल. आमच्या इमारतीच्या जिन्याखाली मुलाची गिअरची सायकल चार वर्षं धूळ खात उभी होती. सायकलवाल्याकडून साखळी, ब्रेकच्या तारा आणि दोन्ही टायर बदलून घेतले आणि पहिल्या दिवशी पहाटे एकटीच खाली उतरले. तुला आठवतं, चाळीमागच्या गल्लीत अर्ध्या तासाच्या भाड्यानं आणलेली ती काळी उंच सायकल? दांड्याखालून पाय घालून, वाकडी होऊन तू चालवायचीस आणि मी मागून कॅरिअर धरून धावायचे. तू मला पंधरा मिनिटं द्यायचीस, स्वतः पंधरा मिनिटं घ्यायचीस, एक मिनिट इकडचं तिकडं नाही. पन्नाशीला आल्यावरही तोल जसाच्या तसा होता. रानडे रोडला वळताना मला रडू आलं, खरंच आलं.

पहाटेचं दादर तू पाहिलेलं नाहीस, बोरिवलीला गेलीस त्यालाही आता वीस वर्षं झाली. साडेचारला स्टेशनबाहेरच्या फुलबाजारात झेंडूच्या राशी पडलेल्या असतात, पहिल्या गाड्यांनी आलेल्या बायका टोपल्या डोक्यावर घेऊन भराभरा चालत असतात. मला अंधाराची भीती वाटायची. आता त्या बायकांकडे बघून वाटत नाही. पाववाला मागे भलंमोठं पोतं बांधून एका हातानं घंटी वाजवत जातो, त्याची सायकल माझ्या सायकलीच्या दुप्पट जड असेल. आणि दिवस वर आल्यावर दादर स्टेशनबाहेर डबेवाले बघ. पन्नाशी-साठीतले कितीतरी जण हँडलला, कॅरिअरला डबे लटकवून भर रहदारीतून सायकल काढतात. त्यांना कोणी 'या वयात काय हे' असं म्हणत नाही. तुझ्या जाऊबाई तुला म्हणाल्या, तेव्हा हे त्यांना सांगायला मी तिथं हवी होते.

रविवारचा माझा रस्ता ठरलेला आहे. प्रभादेवी, वरळी सी फेस, हाजी अली, पेडर रोडचा चढ, केम्प्स कॉर्नरहून खाली बाबुलनाथ, चौपाटी आणि मरीन ड्राइव्हच्या टोकाला नरिमन पॉइंट. जाऊन येऊन पंचवीसेक किलोमीटर. सागरी सेतूवर आणि कोस्टल रोडवर सायकलला परवानगी नाही, त्यामुळे जुन्याच रस्त्यानं जायचं. साडेपाचला निघालं तर तो बराचसा मोकळा मिळतो. वरळीला समुद्राचा वारा तोंडावर असतो तेव्हा मी गिअर हलका करते आणि पाय भरभर फिरवते. जड गिअर रेटत बसलं की सगळा भार गुडघ्यांवर येतो. मिनिटाला ऐंशीच्या आसपास फेरे पडले की गुडघा कुरकुरत नाही.

पेडर रोडच्या चढावर पहिले दोन महिने मी उतरून चालत जायचे. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन असते ना, २००४ पासूनची, तिच्यात बेचाळीस किलोमीटरवाल्यांना हाच चढ परतीला लागतो, तीस किलोमीटर पळून झाल्यावर. गेल्या वर्षी मी तिथं फूटपाथवर संत्र्याच्या फोडी घेऊन उभी होते. पांढऱ्या केसांच्या कितीतरी बायका आणि पुरुष तो चढ चालत चढत होते, सपाटीला लागल्यावर पुन्हा पळत होते. एकीनं माझ्या ताटातली फोड उचलली, माझ्या हातावर हात ठेवला आणि पुढे गेली. चालण्यात कमीपणा असतो ही माझी समजूत त्या सकाळी गेली.

आता वेगाचं. अमेरिकेत जेफ गॅलोवे म्हणून एक धावपटू, १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेला. त्यानं पळणं आणि चालणं आलटून पालटून करायची पद्धत लोकांत रुजवली. दमल्यावर चालायचं नाही, दमायच्या आधीच चालायचं. मी तीन मिनिटं पळते, एक मिनिट चालते, पहिल्या मिनिटापासून. आणि पळण्याचा वेग किती? तर पळताना बोलता आलं पाहिजे. मी एकटीच असते, बोलू कोणाशी, म्हणून एकोणतीसचा पाढा म्हणते. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. मधेच श्वास तुटला की वेग कमी करायचा. आठवड्यातल्या बहुतेक दिवशी एवढ्याच वेगानं पळायचं. सुरुवातीला इतकं हळू पळताना लाज वाटली, बाजूनं चालणारे आजोबा पुढे जायचे. सहा महिन्यांनी त्याच पाढ्याला मी आपोआप जास्त अंतर कापायला लागले होते.

आपल्या मुंबईच्या हवेत तर हे फारच जपायला हवं. मे आणि ऑक्टोबरात घाम नुसता वाहतो, सुकत नाही. आणि घाम सुकल्याशिवाय अंग गार होत नाही. तेवढ्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. त्या महिन्यांत घड्याळ घरी ठेवत जा. आल्यावर मीठ घातलेलं कोकम सरबत घे, नुसतं पाणी पुरत नाही.

तू विचारशील, सायकल एवढी मानवली तर टाच बरी झाल्यावर पुन्हा पळायला का लागलीस. हाडांसाठी. सायकलवर आपलं वजन सीटवर असतं, त्यामुळे हृदय, फुप्फुसं, मांड्या सगळं सुधारतं, पण हाडाला काम पडत नाही. हाड दणका बसला, वजन पडलं, तरच भर धरतं. पाळी थांबल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत आपली हाडं सगळ्यांत वेगानं झिजतात, आणि आपण दोघी नेमक्या त्याच वर्षांत आहोत. म्हणून आठवड्यात तीन दिवस पळणं, दोन दिवस सायकल, आणि दोन दिवस वजनं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. ताकदीचं सगळ्या बायका सोडून देतात, मीही सोडलं होतं. आता घरात उठाबशा, भिंतीला पाठ टेकून बसणं, जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहून टाचा वर-खाली, आणि खांद्यावर दहा किलोची तांदळाची पिशवी. दोन वर्षांनी घनता पुन्हा तपासली तेव्हा आकडा उणे १.७ होता. घसरला नाही, एवढ्यानंच मी दवाखान्याच्या जिन्यावर बसून तुला फोन केला होता, आठवत असेल. एचबीएवनसी ५.६ वर आलं, त्यात रात्रीचा भात कमी केल्याचाही वाटा आहे.

तुझ्या गुडघ्याचं म्हणशील तर मी डॉक्टर नाही. पण एक्सरे स्वच्छ आहे, जिना उतरताना आणि बराच वेळ बसून उठताना वाटीच्या पुढे दुखतं असं तू लिहिलंस. पुष्कळदा हे वाटीला सांभाळणारे मांडीचे आणि कमरेच्या बाजूचे स्नायू कमजोर असल्यामुळे होतं. चांगल्या फिजिओला दाखव, नुसता पट्टा बांधून बसू नकोस. आणि 'पळून गुडघे झिजतात' हे जे सगळे सांगतात त्याची धास्ती घेऊ नकोस. हौसेनं, बेतानं पळणाऱ्यांचे गुडघे घरी बसणाऱ्यांपेक्षा जास्त झिजतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

रस्त्याचं थोडं सांगते, कारण याची मला खरी काळजी वाटते. हेल्मेटशिवाय फाटकाबाहेर पडायचं नाही. पुढे पांढरा, मागे लाल दिवा, उजाडल्यावरही चालू ठेवायचा. उभ्या टॅक्सीपासून हातभर लांब राहायचं, दार कधी उघडेल सांगता येत नाही. पावसात लोखंडी झाकणं आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे तेलासारखे निसरडे होतात, त्यांवर ब्रेक लावायचा नाही, वळायचं नाही. पाणी साचलं असेल तर त्यातून सायकल घालायचीच नाही, खाली काय उघडं आहे दिसत नाही. जून ते सप्टेंबर मी सायकल जवळजवळ बंदच ठेवते आणि पावसातच पळते. पावसात शिवाजी पार्काला पळणं काय असतं ते तुला एकदा दाखवायचंय.

आता माझं मागणं. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी मी पहिल्या गाडीनं बोरिवलीला येते. सायकल आणत नाही. राष्ट्रीय उद्यान तुझ्या घरापासून दहा मिनिटांवर, आणि तू तिथं वर्षभर गेलेली नाहीस. आत भाड्यानं सायकली मिळतात. कान्हेरीकडचा रस्ता पाच-सहा किलोमीटरचा, झाडीतून चढत जाणारा. जिथपर्यंत पाढा म्हणता येईल तिथपर्यंत चालवू, पुढे हातात धरून चालत जाऊ, आणि तुझ्या गुडघ्यानं नको म्हटलं की तिथूनच परत फिरू. उतारावर मात्र हळू. पंधरा मिनिटं तू पुढे, पंधरा मिनिटं मी, पूर्वीसारखं.

बूट माळ्यावरून काढून ठेव.

तुझी,
शैला

ता. क. उद्यानातली भाड्याची सायकल घेतलीस की आधी सीट बघ. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवायची, पॅडल पार खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. सीट खाली राहिली की गुडघा पुढून दुखतो. पाना माझ्या पिशवीत असेल, आणि चार केळी.