भिंतीतले भोक आणि अभ्यासिकेतला दिवा

प्रिय मित्र सुधाकर यास,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुझे पत्र पोचले. गावातली अभ्यासिका यापुढे रात्री आठलाच बंद करावी, कारण येणारी चार मुले चार-चार वेळा परीक्षेत नापास झाली आहेत आणि विजेचे बिल मात्र तुझ्या खिशातून जाते, असे तू लिहिलेस, तेव्हापासून 'झाओ बी थौ ग्वांग' हा चिनी वाक्प्रचार माझ्या मनातून जात नाही. भिंत कोरून प्रकाश चोरणे, हा त्याचा शब्दशः अर्थ.

गोष्ट पश्चिम हान राजवटीतल्या ख्वांग हंग याची. शेतकऱ्याच्या घरचा हा गरीब मुलगा. घरी दिव्याची ऐपत नव्हती आणि शेजारी दिवा जळत असे, तेव्हा त्याने भिंतीला भोक पाडले आणि त्यातून येणाऱ्या कवडशासमोर पुस्तक धरून तो वाचू लागला. जुन्या मजकुरात चोरण्याचा शब्दच नाही. प्रकाश ओढून घेतला, एवढेच म्हटले आहे. कथेचा उत्तरार्ध फारसे कोणी सांगत नाही, आणि मला तर तोच अधिक मोलाचा वाटतो. गावातल्या एका श्रीमंताच्या घरी पुष्कळ ग्रंथ होते. त्याच्याकडे हा कामाला राहिला, पण मजुरी घेईना. मालकाने नवलाने कारण विचारले, तेव्हा तुमचे सगळे ग्रंथ वाचायला मिळावेत, एवढेच त्याने मागितले, आणि मालकाने ते दिले.

आता तुझ्या मुलांविषयी. हाच ख्वांग हंग सरकारी परीक्षेत वारंवार नापास झाला आणि नवव्या खेपेस उत्तीर्ण झाला, तोही खालच्या श्रेणीत, अशी जुनी नोंद आहे. त्या अपयशांमुळेच त्याचे ग्रंथ पक्के झाले, असेही तिथे लिहिले आहे. इ.स.पू. ३६ मध्ये तो सम्राट युआनचा प्रधानमंत्री झाला. (पुढे जमिनीच्या प्रकरणात त्याचे पद गेले, हेही खरे, पण त्या नऊ खेपांचे मोल माझ्या लेखी तेवढेच राहते.)

सुधाकर, दहावीच्या वर्षी तुमच्या ओसरीवर कंदिलाच्या एका बाजूला तू आणि दुसऱ्या बाजूला मी बसत असू. काच काजळली की तुझी आई ती राखेने पुसून परत बसवी, आणि रेशनचे रॉकेल तळाला गेले तरी तिने माझ्यापुढचा कंदील कधी उचलला नाही. म्हणून दिवा अकरापर्यंत राहू दे. या महिन्यापासून बिलाची निम्मी रक्कम मी पाठवीन. आकडा तेवढा कळव.

तुझा,
वसंत