तलावाकाठचं वठलेलं झाड ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडली की कोकणातल्या तलावांवर कॅमेरेवाल्यांची वर्दळ वाढते आणि घारींना कोंबडीची आतडी, मासळीचे तुकडे टाकून फोटो काढायचा प्रकारही. त्या तुकड्यांवर येतात घारी आणि कावळे. ज्याच्यासाठी माणसं लांबून येतात तो ऑस्प्रे हा मासेखाऊ शिकारी पक्षी जिवंत मासाच धरतो, त्याला या खाण्याशी देणंघेणं नाही.

आमिष लागतच नाही, वारा कळला की झालं. किनारपट्टीवर सकाळी मतलई वाहते, दुपारी खारा वारा. शिकारी पक्षी वाऱ्याकडे तोंड करून घिरट्या थोपवतो आणि तसाच फांदीवर उतरतो. म्हणून सकाळी पूर्वेच्या काठावर बसावं: ऊन पाठीशी, वारा पाठीशी, पक्ष्याचं तोंड आपल्याकडे. दुपारी तीननंतर पश्चिमेचा काठ. धामापूरसारख्या डोंगरांमधल्या तलावावर वारा वळसे घेतो, तिथे पाण्यावरच्या तरंगांवरून दिशा ओळखावी. साधारण दहानंतर हवा तापून थरथरते. मग लाखाची लेन्स असली तरी लांबचा फोटो धूसरच येणार.

ब्राह्मणी घार आणि समुद्रगरुड, म्हणजे आपला काकण, मासा पाण्यावरून वरच्यावर उचलतात. ऑस्प्रे आधी एका जागी फडफडत थांबतो, मग पाय पुढे करून थेट पाण्यात घुसतो. फोकस तो थांबलेला असतानाच धरायचा. सूर मारल्यावर धरायला गेलात तर फोकस पलीकडच्या माडांवर जाऊन बसतो. शटरचा वेग १/२५०० सेकंदाहून कमी नको. ब्राह्मणी घारीचं डोकं पांढरं आणि मागे काळं पाणी असेल तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा प्रकाश, दोन-तृतीयांश स्टॉप (प्रकाशाचं माप) कमी करावं, नाहीतर पिसांचा नुसता पांढरा डाग उरतो. मागे उजळ आभाळ असेल तर उलट, एक स्टॉप वाढवावं. पाण्यातून उठल्यावर ऑस्प्रे उडता उडताच अंग झाडतो आणि माशाचं डोकं पुढे येईल असा मासा फिरवून धरतो. खरा फोटो तो. बहुतेकजण तेव्हा स्क्रीनवर मागचे फोटो बघत असतात.

पण हे सगळं काठावर बसायला फांदी असेल तर. सुशोभीकरणात पहिली कुऱ्हाड पडते ती वठलेल्या झाडावर, मग पेव्हर ब्लॉक आणि रंगीत दिवे. पानं नसलेल्या फांदीवरून चहूकडे नजर जाते, उडताना पंख अडकत नाहीत, मासा निवांत फाडता येतो. झाड वाटेवर पडेल अशी भीती असेल तर शेंडा उतरवावा; खोड आणि पाण्याकडच्या दोन-तीन आडव्या फांद्या राखाव्यात. बाकडी झाडाखाली नकोत, पन्नासेक मीटर सोडून ठेवावीत. पक्ष्याने मान ताठ करून आपल्याकडे रोखून पाहिलं, पुढे झुकून शिटला, की तो उडायच्या बेतात आहे. तिथेच थांबावं. काकणाचं घरटं दिसलं तर तिकडे फिरकूही नये. जोडी उठली की कावळे अंड्यांवर टपलेलेच असतात.

गरवणाऱ्यांनी तोडून टाकलेला तंगूस, म्हणजे गळाची नायलॉन दोरी, फांद्यांत अडकतो आणि पक्ष्यांच्या पायांना गुंडाळतो. त्यासाठी झाकणाचा एक डबा पुरे.

तलावाच्या कामाचा आराखडा करताना नगरपरिषदा आणि ग्रामपंचायतींनी काठावरच्या वठलेल्या झाडांवर आधी चुन्याची खूण करावी आणि ‘तोडू नये’ असं ठेकेदाराला कामाच्या आदेशातच लिहून द्यावं.

आपले,
काही पक्षीनिरीक्षक, सिंधुदुर्ग